प्रयोग पाण्याचा, वाऱ्याचा नाही

सर,

पाणी निवत असताना खिडकी उघडी असावी की बंद, या प्रश्नावर तुमच्याशी बोलायचे राहून गेले आहे. तुम्ही ज्या वयात गेलात, त्या वयाला मी केव्हाच मागे टाकले. तरीही तुम्हांला उद्देशून पहिले वाक्य लिहिताना पाठ आपोआप ताठ झाली. आज दुपारी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधावर मला सही करायची होती, किंवा करायची नव्हती. या दोहोंपैकी काय करावे, हे सकाळपर्यंत माझे ठरले नव्हते आणि सगळा वेळ तुम्ही माझ्या मागे उभे होतात. मागे उभे राहून वहीत डोकावण्याची तुमची सवय मला कधीच मानवली नाही, हेही या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

तुमची प्रयोगशाळा आपल्या महाविद्यालयाच्या समुद्राकडच्या टोकाला होती. दुपार कलली की खारा वारा सुटायचा, खिडक्यांची जुनी दारे थडथडायची, आणि पहिले वाचन घेण्यापूर्वी तुम्ही स्वतः फिरून एकेका दाराच्या फटीत फणसाच्या लाकडाची पाचर घट्ट बसवायचात. त्या पाचरी तुम्हीच तासलेल्या होत्या. शिपायाला तुम्ही त्यांना हात लावू देत नसत. खोली बंद झाली की आतल्या स्पिरिटच्या दिव्यांचा वास साचायचा, सदरे पाठीला चिकटायचे, आणि तुम्ही गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या सदऱ्यात, घामाचा एक थेंबही न दाखवता, टेबलांमधून फिरत राहायचात. वाचन म्हणजे वाचन; त्यात दुसरे काही शिरता कामा नये, अशी तुमची शिस्त होती. निकाल हाती आला की तो दोन्ही टोकांना नेऊन तपासायचा, अगदी सुरुवातीला काय होते आणि खूप काळ लोटल्यावर काय होते ते पाहायचे, हीही तुमचीच शिकवण. ती मात्र मी जन्मभर पाळली.

त्या दिवशीची गोष्ट. उष्णतामापीत कढत पाणी ओतलेले आहे, तापमापी टांगलेला आहे, माझा जोडीदार घड्याळाकडे पाहून हुंकार देतो आणि मी पारा वाचतो. पाणी कसे निवत जाते, याचा आलेख काढायचा आहे. अर्धे काम झाल्यावर आमच्यामागच्या खिडकीची पाचर सुटते, दार धाडकन उघडते आणि वारा थेट आमच्या टेबलावर येतो. पारा भराभर उतरू लागतो. जोडीदार दार लावायला उठतो, पण मी वाचन थांबवत नाही. दिसले तसे लिहीत जातो आणि समासात टिपण करतो : ‘येथे वारा आला.’ आलेखावर ते बिंदू रेषेच्या खाली घसरलेले दिसतात, आणि मला ते आवडतात, कारण पाण्याबरोबर त्या खोलीत आणखी काय घडले, ते त्यांत उमटले आहे.

तुम्ही मागून आलात आणि बिंदूंवर बोट ठेवलेत. मी म्हणालो, “सर, वारा आला. पाणी लवकर निवले.” वर्ग ऐकत होता. तुम्ही आवाज चढवला नाहीत. तो तुम्ही कधीच चढवत नसत. “प्रयोग पाण्याचा आहे,” तुम्ही म्हणालात, “वाऱ्याचा नाही.” मग पानावर एक तिरकी रेघ मारून पाणी पुन्हा तापवायला सांगितलेत, पाचर स्वतः ठोकून बसवलीत आणि मी काम पुरे करेपर्यंत तिथेच उभे राहिलात. दुसरा आलेख गुळगुळीत आला. त्याखाली तुम्ही ‘उत्तम’ असे लिहिलेत. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणाले, “वाऱ्याला नापास केलान सरांनी.” सगळे हसले, मीही हसलो, पण मान वर करून तुमच्याकडे पाहिले नाही.

पुढील शिक्षणासाठी मुंबईला निघालो तेव्हा तुमच्या घरी नमस्काराला आलो होतो. तुम्ही स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून नारळ सोलत होतात, आणि तुमच्यासारख्या माणसाला नारळ सोलताना पाहून मला उगीचच संकोचल्यासारखे झाले. तुम्ही हात पुसलेत, आत गेलात आणि एक पाचर आणून माझ्या हातावर ठेवलीत. म्हणालात, “तिकडेही वारा असेल.” थट्टा होती की आशीर्वाद होता, ते मला तेव्हा उमगले नाही. आजही नक्की सांगता येत नाही.

मुंबईत गेल्यावर वर्षभरातच एका जुन्या ग्रंथात मला तो निवण्याचा नियम मुळातून वाचायला मिळाला. सर, तो नियम ज्यांनी मांडला त्यांनी तो बंद खोलीसाठी मांडलेलाच नव्हता. एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवलेल्या तप्त वस्तूसाठी मांडला होता. हवा निश्चल असेल तर तो जेमतेम लागू पडतो, वारा वाहता असेल तर चांगला लागू पडतो. ग्रंथालयात, ते पान समोर उघडे असतानाच, तुम्हांला लिहायचे ठरवले. न्यायाने लिहायचे होते, म्हणून हेही लिहिणार होतो की, आपल्याकडचा वारा एकसारखा नसतो, झुळका येतात आणि जातात, तेव्हा तुमचेही अगदीच चुकले नव्हते. मनात मसुदा तयार होता, प्रत्येक वाक्य तपासून झाले होते. सुटीत घरी आलो तर कळले की, तुमचे हृदयविकाराने निधन होऊन पंधरवडा उलटला होता. वाद घालायला माणूसच उरला नाही.

मग मी तो वाद आयुष्यभर इतरांशी घातला. माझे काम कागदावरचे. यंत्राला मी हात लावला नाही. विषय असा : काही हजार अणू एका निर्वात पेटीत, कुठल्याही भिंतीचा स्पर्श न होता, केवळ प्रकाशाच्या जोरावर अधांतरी धरून ठेवतात आणि इतके थंड करतात की, विश्वात निसर्गतः त्याहून थंड जागा आढळत नाही. तुम्ही असतात तर तुम्हांला वाटले असते, झाली एकदाची खिडकी पक्की बंद. तशी ती होत नाही. भरकटलेला एखादा प्रकाशकण आत येतो, उरलेल्या हवेतला चुकार अणू येऊन धडकतो, ज्या प्रकाशाने त्यांना धरले आहे तोच किंचित थरथरतो. जगाशी संबंध तुटत नाही. आणि सगळ्या जगाचा हिशेब मांडणे कोणालाच शक्य नसते; म्हणून आम्ही समीकरण अणूंचेच लिहितो आणि त्यात परिसराचा परिणाम सरासरीने मिसळतो. ही सरासरी कशी घ्यायची, यावर आम्हां मंडळींत गेली कित्येक वर्षे वैर आहे. थोडक्यात सांगायचे तर, सर, मी वाऱ्याचा प्रयोग केला.

आता आजची हकिकत. ज्या विद्यार्थिनीचा प्रबंध माझ्याकडे परीक्षणासाठी आला, ती राजापूरकडच्या नाटे गावची आहे. वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, आहेत. ही माहिती मला तिच्या मार्गदर्शकाने दूरध्वनीवर दिली; ती परीक्षकाला देणे अनुचित आहे, असे मी त्याला तिथल्या तिथे सुनावले. तरी त्याने पुढचेही सांगितलेच. थंड अणूंवर काम करणाऱ्या युरोपातील एका प्रयोगशाळेत तिची नेमणूक झाली आहे, मात्र पदवी हाती असल्याशिवाय रुजू करून घेणार नाहीत, आणि त्यांची मुदत आता टळणार नाही. “सर, जरा बघा ना,” तो म्हणाला. मी म्हणालो, मी बघतोच आहे, म्हणून तर अडचण आहे.

अडचण चौथ्या प्रकरणात होती. दोन जवळजवळच्या ऊर्जापातळ्यांवर अणू कसे विभागले जातात, याचा तिने आलेख काढला होता, आणि अगदी सुरुवातीच्या क्षणी त्यातली एक रेषा शून्याच्या किंचित खाली गेली होती. अणू त्या पातळीवर सापडण्याची संभाव्यता शून्याहून कमी! पेटीत आंबा नसणे समजू शकते. पण पेटीत उणे आंबा असणे म्हणजे काय? असे ज्यात कधीच घडत नाही, असे दुसरे एक समीकरण आहे. ते काटेकोर आहे, आणि माझी हयात त्याची बाजू लढवण्यात गेली आहे. मी अहवालात लिहिले की, या प्रकरणाबाबत मौखिक परीक्षेत समाधान झाले, तरच शिफारस करीन. एरवी दुसरे समीकरण वापरून प्रकरण नव्याने लिहावे लागेल. नव्याने लिहायचे म्हणजे तिचे परदेशचे काम गेले, हे मला ठाऊक होते. तिलाही ठाऊक होते.

घरात माझ्या पत्नीने याचा छडा लावला. ती केळशीची, विषय कुठलाही असो, मुळाला हात घालते. मी आठवडाभर जेवताना गप्प आहे, याचा अर्थ कोणाचे तरी काही अडवून ठेवले आहे, असे तिने ओळखले. सारे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “तुमची ती संभाव्यता-बिंभाव्यता मला नाही कळत. पोरीचं विमान चुकेल, एवढं कळतं.” मी म्हणालो, विमानाची वेळ पाहून गणित तपासायचे नसते. “लग्नपत्रिकेतल्या चुका काढून पत्रिका परत पाठवणारे तुम्ही,” ती म्हणाली, “त्या लग्नाला गेला होतात तरी का?” गेलो नव्हतो.

तरीही मी मागे हटलो नव्हतो. त्या मुलीने नव्याने करावे असे जे मी सुचवणार होतो, ते आधी स्वतः करून पाहावे, म्हणून गणित मांडायला घेतले. काटेकोर समीकरणाने सुरुवात निर्मळ झाली. रेषा शून्याच्या खाली गेली नाही. मग तुमच्या शिकवणुकीप्रमाणे दुसऱ्या टोकाला गेलो, आणि आज सकाळी, चहा समोर तसाच ठेवून, मी जे पाहिले त्याने माझा हात थांबला. त्या दोन पातळ्यांमध्ये अणूंचा एक मंद हेलकावा चालतो. तो प्रयोगात प्रत्यक्ष दिसलेला आहे; ती जिथे निघाली आहे त्याच प्रयोगशाळेत दिसलेला आहे; तिचे प्रकरणच मुळी त्याविषयी आहे. माझ्या समीकरणात तो हेलकावा नाहीसा झाला होता. समीकरण स्वच्छ राखण्यासाठी त्यातली जी लहान पदे आपण गाळतो, त्यांच्यातच तो होता. तिचे समीकरण आरंभी चुकत होते आणि शेवटी बरोबर येत होते. माझे आरंभी बरोबर होते आणि शेवटी चुकत होते. सर, दोन्ही टोके तपासा, असे तुम्ही सांगितलेत. दोन्ही टोके एकमेकांशी भांडू लागली तर काय करायचे, ते नाही सांगितलेत.

मौखिक परीक्षा हल्ली पडद्यावरून घेता येते. मी इथे, ती मुंबईला विभागाच्या दालनात, फळ्यासमोर उभी. परीक्षा खुली असते, त्यामुळे मागे काही मंडळी बसलेली दिसत होती. पाण्याचा पेला ठेवायला आलेली माझी पत्नी पडद्याकडे पाहून पुटपुटली, “तो कडेचा, कडक इस्त्रीवाला, वडील असणार. हात बघा कुठे ठेवावेत कळत नाहीये त्याला.” मी तिला जायला खुणावले. पण नंतर माझी नजर त्या कोपऱ्याकडे पुन्हा पुन्हा जात राहिली. ऐन हंगामात बोट सोडून आलेला तो माणूस मुलीकडे बघत नव्हता. पडद्यावरच्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.

तिने मांडणी चांगली केली. इतरांचे प्रश्न आटोपल्यावर मी चौथे प्रकरण काढायला सांगितले आणि विचारले की, संभाव्यता ऋण असू शकते काय. तिचा मार्गदर्शक खाकरून उत्तर द्यायला सरसावला. मी त्याला म्हणालो, प्रश्न तुम्हांला नाही. ती म्हणाली, असू शकत नाही. मी विचारले, मग तुमच्या आलेखात ती का आहे? तिने इंग्रजीत सुरुवात केली, अडखळली. माझ्या मनात उत्तर तयार होते, आणि ते तिला ठाऊक नसेल तर मी सही करणार नव्हतो. माझे स्वतःचे समीकरण तोकडे पडले होते, तरीही करणार नव्हतो, कारण न समजता बरोबर असणे मी कधीच मान्य केलेले नाही. मी म्हणालो, मराठीत सांगा.

ती पंख्याकडे की कशाकडे तरी एकदा वर बघून बोलू लागली, आणि तिच्या बोलण्यात राजापूरकडचा हेल उतरला. “सर, सुरुवातीला बाहेरच्या जगाला आधीचं थोडं आठवत असतं. माझं समीकरण धरून चालतं की त्याला काहीच आठवत नाही. म्हणून तेवढ्या भागात ते खोटं पडतं. दुसरं समीकरण घेतलं तर हेलकावाच जातो, आणि तो तर आहे.” मग ती म्हणाली, “पहिले थोडे बिंदू गाळले असते तर आलेख चांगला दिसला असता. मग तुम्ही मला हे विचारलंच नसतं.”

यात उद्धटपणा नव्हता. ती घाबरलेली होती. खडू दोन्ही हातांनी धरलेला होता. मी विचारले, मग वाचणाऱ्याने त्या भागाचे काय करावे? ती म्हणाली, “तिथे माझं समीकरण चालत नाही असं समजायचं, सर. मी तसं लिहिलंय. आकृतीच्या खाली. सारांशातही आहे.” मी प्रबंध उघडला. आकृतीखाली बारीक अक्षरांत ते वाक्य होते. मराठी सारांशातही होते, आणि तिथे मी ते आधी वाचलेले होते; त्यातल्या एका वेलांटीवर माझ्याच लाल शाईची खूण होती. अर्थाकडे माझे लक्ष गेले नव्हते.

पडद्यावर सगळे माझी वाट पाहत होते. मला मात्र स्पिरिटचा वास येत होता. पानावरची तिरकी रेघ दिसत होती, समासातले ‘येथे वारा आला’ दिसत होते. त्या मुलीने आकृतीखाली दुसरे काय लिहिले होते? आणि तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून, आवाज न चढवता, तेच म्हणत होतात : प्रयोग पाण्याचा आहे. तुम्ही सही केली नसतीत, सर. मी तुम्हांला ओळखतो. तुम्ही तिला प्रकरण पुन्हा लिहायला लावले असतेत, तेही तिच्या भल्यासाठी. तिचा आलेख गुळगुळीत आला असता, तुम्ही त्याखाली ‘उत्तम’ लिहिले असतेत, आणि तो हेलकावा कोणालाही दिसला नसता.

मी म्हणालो, माझे समाधान झाले आहे. फक्त ते वाक्य आकृतीखालून काढून मुख्य मजकुरात, प्रकरणाच्या आरंभी, मोठ्या अक्षरांत यावे. लाजून कोपऱ्यात लिहिण्यासारखे त्यात काही नाही. ती ‘हो सर’ म्हणाली आणि तिच्या हातातला खडू मोडला. वडिलांना काय झाले ते लगेच कळले नसावे. शेजारच्याने कानात सांगितल्यावर त्यांनी एकदम उभे राहून पडद्याला, म्हणजे मला, नमस्कार केला. मीही केला. आपल्याकडे पहिल्या भेटीत सांगतात ती तालुक्यांची नावेसुद्धा एकमेकांना न सांगता आम्ही तसेच क्षणभर हात जोडून राहिलो, आणि मग कोणीतरी पडदा बंद केला.

शिफारशीवर सही करून ती पाठवून दिली आहे. हे मी तुम्हांला जिंकल्याच्या स्वरात सांगत नाही. तुम्ही दार बंद केले नसतेत तर उघड्या दाराचा विचार करायला मी शिकलो असतो की नाही, कोण जाणे. पण हेही तुमचे उपकार म्हणून लिहीत नाही, कारण ते तितकेसे खरे नाही. मला राग आला होता. तो अजून पुरता निवलेला नाही. निवण्याच्या नियमाप्रमाणे तो पूर्णपणे कधीच निवणार नाही, नुसता निवत राहील.

हे कागद घडी घालून तुमच्या पाचरीखाली ठेवणार होतो. माझ्या टेबलावर ती कागदांवरचे वजन म्हणून असते. पाहतो तर ती जागेवर नाही. दुपारी परीक्षेला बसण्यापूर्वी, वाऱ्याच्या आवाजात प्रश्न नीट ऐकू येणार नाहीत असे पत्नीला सांगून, मी ती खिडकीच्या फटीत ठोकून बसवली होती. पत्नी मघाशी येऊन म्हणाली, “काढा आता ती, जीव गुदमरतोय.” बाहेर वारा पडला आहे, पाचर सहज निघेल. अजून मी उठलेलो नाही. आणि सर, एवढे केवळ तुम्हांलाच सांगतो : बंद खिडकीतला तो दुसरा आलेख फार सुरेख आला होता.